ओसाडपणाचं साल कोणतं?

२०२५ च्या जुलैत शिवकालाशी जोडलेले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि पेढे वाटून होतात न होतात तोच जुना वाद नव्याने पेटला. गडावर राहणाऱ्या, ताक-पिठलं विकणाऱ्या, तटाच्या आडोशाला पत्रा टाकून संसार मांडणाऱ्या माणसांचं करायचं काय? एका बाजूचं म्हणणं असं की सगळ्यांना खाली उतरवा, गड मोकळा श्वास घेऊ दे. दुसरी बाजू म्हणते, गरिबाच्या पोटावर पाय देऊन कसला वारसा जपता? पहिल्याला फक्त दगड दिसतो, दुसऱ्याला फक्त चूल. दगडाला भोक पाडून चुलीचं धुराडं बाहेर काढलं तर काय, याचं उत्तर दुसरा देत नाही. आणि चूल विझवल्यावर दगड खरंच जास्त टिकतो का, हे पहिला तपासत नाही. या भांडणात मी उशिरा पडतोय, तेही कर्नाटकातल्या हंपीला, म्हणजे विजयनगर साम्राज्याच्या जुन्या राजधानीला जाऊन आल्यावर, कारण हा खटला तिथे एकदा पूर्ण चालून निकालही लागून गेला आहे. माझं मत आधीच सांगतो. वारसास्थळावर काय बांधायचं आणि काय नाही, यावर हवी तितकी कडक बंधनं घाला. पण तिथे माणूस राहतो हाच मुळात गुन्हा धरणं चूक आहे. इतिहासाच्या दृष्टीने चूक आहेच, दगडाच्या दृष्टीनेही आहे.

हंपीत विरूपाक्षाच्या देवळाच्या महाद्वारातून बाहेर पडलं की समोर रुंद, सरळ रस्ता लागतो. लांबी पाऊण किलोमीटरच्या आसपास. टोकाला टेकडीच्या पायथ्याशी भलाथोरला दगडी नंदी आणि दोन्ही हातांना दगडी खांबांच्या मंडपांच्या ओळी. चैत्रात देवाचा रथ याच रस्त्याने ओढतात. २०११ च्या जुलैपर्यंत या मंडपांत आणि त्यांच्या अवतीभवती तीनशेच्या आसपास कुटुंबं राहत होती. खानावळी होत्या, शिंप्यांची मशिनं होती, पुस्तकांची दुकानं होती, गच्चीवर वाळत घातलेले कपडे होते. मग न्यायालयीन आदेशाचा आधार घेऊन प्रशासनाने फार थोड्या मुदतीत ही वस्ती पाडली. पुनर्वसन काही किलोमीटरवरच्या कड्डीरामपुरात व्हायचं होतं आणि ते बरीच वर्षं रेंगाळलं. २०२० मध्ये नदीपलीकडच्या विरुपापूर गड्डीवरची हॉटेलंही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गेली. आज तो रस्ता स्वच्छ आहे. सकाळी दहाच्या उन्हात मी त्यावरून चाललो तेव्हा मंडपांच्या सावलीत दोन कुत्री आणि एक पहारेकरी होता. टोपलीत केळी घेऊन बसलेल्या एका बाईंना विचारलं, "अक्का, इथे पूर्वी घरं होती ना?" त्यांनी हनुवटीने एक खांब दाखवला आणि म्हणाल्या, "तो आमचा." मग केळ्यांचा भाव सांगितला.

आता विरुद्ध पक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करतो. त्या बाजारात जे चाललं होतं ते सगळं काही भोळंभाबडं नव्हतं. परदेशी पाठपिशवीवाल्यांची रीघ लागल्यावर मंडपांच्या खांबांमध्ये विटांच्या भिंती उठल्या, दगडात खिळे आणि पहारी ठोकल्या गेल्या, वर सिमेंटचे मजले चढले, सांडपाणी जिथे वाट मिळेल तिथे गेलं. सोळाव्या शतकातल्या खांबाला रंग फासून त्यावर जेवणाचे दर लिहिणं याला कुणी 'जिवंत वारसा' म्हणणार असेल तर त्याच्याशी माझं जमायचं नाही. जैसलमेरचं उदाहरण तर आणखी बोचरं आहे. किल्ल्यात हजारो माणसं राहतात, घरोघर पाण्याचे नळ आले, आणि पाझरणाऱ्या पाण्याने पाया भुसभुशीत होऊन बुरूज ढासळले. आणि माणसं काही आपोआप राखणदार होत नाहीत, हेही खरं. इजिप्तमध्ये लक्सरसमोरच्या कुर्ना गावात लोक पुरातन थडग्यांच्या माथ्यावर घरं बांधून राहत. त्यांतल्या एका कुटुंबाला राजांच्या ममींचा साठा सापडला तेव्हा त्यांनी तो सरकारला सांगितला नाही. त्यातल्या वस्तू वर्षानुवर्षं गुपचूप विकल्या आणि १८८१ मध्ये प्रकरण उघडकीला आलं. शेजारी राहणं आणि जपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इतकं मान्य करूनही माणसं हटवण्याचा निष्कर्ष त्यातून निघतो का? जैसलमेरकडे परत पाहा. किल्ला बाराव्या शतकातला. माणसं तिथे पहिल्यापासून राहत आली आणि आठ शतकं पाया भुसभुशीत झाला नाही, कारण वाळवंटात पाणी घागरीने यायचं आणि थेंबाथेंबाने वापरलं जायचं. नळ वर पोचला, पण तेवढं पाणी वाहून नेणारी गटारं त्या तयारीची नव्हती. दोष राहण्याचा की निचऱ्याचा? निचऱ्याच्या रोगावर हकालपट्टीचं औषध म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि उलट बाजूने, २०२४ च्या मे महिन्यात जोरदार पावसात विरूपाक्षासमोरच्या त्याच बाजारातल्या मंडपाचा एक भाग कोसळला. वस्ती उठून तोवर जवळपास तेरा वर्षं झाली होती. त्या दिवशी खापर फोडायला एकही खानावळ उरली नव्हती.

पण हे सगळे तपशील बाजूला ठेवले तरी एक प्रश्न उरतो आणि माझ्या मते खरा वाद तोच आहे. 'मूळ स्वरूपात आणणं' असं आपण म्हणतो तेव्हा मूळ म्हणजे कोणत्या सालचं? हंपीचा बाजार १५२० मध्ये मोकळा नव्हता. त्या सुमाराला आलेल्या डोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने शहराचं जे वर्णन केलंय त्यात माणसं, घोडे, रत्नं, फळं, धान्य यांची इतकी गर्दी आहे की वाचताना धक्का लागल्यासारखं वाटतं. त्याच्याही आधी, १४४३ मध्ये आलेला अब्दुर रझाक गुलाब विकणाऱ्यांचं कौतुक करतो. म्हणजे बाजार मूळ स्वरूपात आणायचा तर त्यात विक्रेते आणावे लागतील. बाजारातून विक्रेते काढल्यावर मिळतं ते १५६५ नंतरचं दृश्य, आणि तेही पुरतं खरं नाही.

कारण १५६५ ची आपली गोष्टही तपासायला हवी. तालिकोटच्या म्हणजे रक्कसतंगडीच्या लढाईत विजयनगरचा कर्ताकरविता रामराय मारला गेला. अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बीदरच्या फौजा राजधानीत शिरल्या आणि शहर एका फटक्यात मेलं, असं आपण शाळेपासून ऐकतो. त्यावरून मग आजचे हिशेब चुकते करायची खुमखुमीही येते. लूट झाली, जाळपोळ झाली, मूर्ती फुटल्या, यात शंका नाही. भग्न मूर्ती डोळ्यांसमोर आहेत. पण लढाईनंतर दोनच वर्षांनी चेझारे फेदेरिची नावाचा व्हेनिसचा व्यापारी इथे सात महिने राहिला. तो लिहितो की शहर पूर्णपणे उद्ध्वस्त झालेलं नाही, घरं उभी आहेत, पण रिकामी, आणि त्यांत वाघ आणि जंगली जनावरं राहतात असं लोक सांगतात. रामरायाचा भाऊ तिरुमल परत आला होता, शहर पुन्हा वसवायचा प्रयत्न त्याने केला, आणि तो फसल्यावर दरबार पेनुकोंड्याला गेला. घरं उभी असताना शहर रिकामं का राहिलं, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारत नाही. मोडलं कुणी, यावर मात्र रात्री जागवल्या जातात. सिंहासनावर पोसलेलं शहर सिंहासन हललं की हलतं. सराफ, घोड्यांचे व्यापारी, रेशमाचे विणकर, सैनिक यांना गिऱ्हाईक दरबार होता. ते दरबारामागे गेले. फत्तेपूर सिक्रीवर कुठल्याच शत्रूने हल्ला केला नव्हता. १५७१ मध्ये बांधायला घेतलेलं ते शहर अकबराने १५८५ मध्ये सोडून लाहोरला मुक्काम हलवला आणि राजवाडे ओस पडले. तिथेही मागे राहिलं काय? सलीम चिश्तींचा दर्गा आणि पायथ्याचं गाव.

हंपीतही नेमकं तेच मागे राहिलं. देव राहिला आणि शेतकरी राहिला. राजा गेला, पण पाट राहिले. विजयनगरच्या राजांनी तुंगभद्रेवर बंधारे घालून जे पाट काढले, त्यांतल्या कित्येकांना आजही पाणी आहे. तुरुत्तु पाटाच्या काठाने चालत जा. एका हाताला पडकी शाही तटबंदी आणि दुसऱ्या हाताला केळीची बाग, मध्ये खळाळतं पाणी. पर्यटकाच्या फोटोत केळी येत नाहीत, कारण त्याला 'हरवलेलं शहर' हवं असतं. पण त्या सबंध एक्केचाळीस चौरस किलोमीटरहून मोठ्या वारसाक्षेत्रात पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीची एखादी गोष्ट अजून तिच्या मूळ कामात असेल, तर तो पाट आहे. हत्तीशाळेत हत्ती नाहीत, टांकसाळीत नाणी नाहीत, महानवमी दिब्बा नावाच्या उंच चौथऱ्यावर राजा बसत नाही. पाटात पाणी आहे. ते का आहे? शेतकरी दरवर्षी गाळ काढतात म्हणून. उद्या वारसाक्षेत्र पूर्ण मोकळं करायचं म्हणून शेतंही हटवली, तर शहराचा सर्वात अस्सल अवशेष चार पावसाळ्यांत बुजेल, आणि त्याची एका ओळीची बातमीही होणार नाही.

'विस्मृतीत गेलेलं साम्राज्य' ही हंपीची ओळख १९०० साली रॉबर्ट सेवेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकाने रूढ केली. सेवेलचे उपकार नाकारायचे नाहीत. पाइश आणि नुनिश या पोर्तुगिजांची वर्णनं त्याच्यामुळेच सगळ्यांच्या हाती आली. पण विसरलं होतं कोण? विरूपाक्ष आणि पंपा यांचा विवाहोत्सव इथे भरतच होता. यात्रेकरू येतच होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देवळाची आणि गोपुरांची मोठी दुरुस्ती झाली, ती पुरातत्त्व खातं जन्माला यायच्या कितीतरी आधी. आणि इथे एक गंमत आहे, जी मला दोन देवळं एकाच दिवशी पाहिल्यावर जाणवली. विठ्ठल मंदिर कोरीवकामात विरूपाक्षापेक्षा कितीतरी सरस आहे. पण त्याच्या गोपुरांच्या विटा उघड्या पडल्या आहेत, चुन्याचं काम झडलं आहे, माथे तुटले आहेत. विरूपाक्षाचं गोपुर मात्र पन्नास मीटर उंचीपर्यंत नीट उभं आहे. लढाईत एकाला जास्त मार बसला असेल, दुसऱ्याला कमी. तो मुद्दा सोडत नाही. पण वीट आणि चुना यांचं काम हे घरासारखं असतं, दर पिढीला कुणीतरी शिडी लावून वर चढावं लागतं. विठ्ठलाच्या देवळात पूजा थांबली आणि शिडी लावणारंही कुणी उरलं नाही.

मराठी माणूस त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे जरा जास्त वेळ थांबतो. कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती इथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, ही कथा आपण कीर्तनातून ऐकलेली असते. इतिहासाच्या कसोटीवर ती कितपत उतरते, यावर अभ्यासक भांडत राहोत. मी तिथे उभा असताना मनात वेगळीच तुलना चालली होती. पंढरपुरात देवळाला खेटून दुकानं, मठ, धर्मशाळा, बुक्क्याचे ढीग, प्रासादिक वस्तूंचे लोंबणारे गुच्छ. तिथेही आता मोकळ्या मार्गिकेच्या योजना आहेत आणि व्यापाऱ्यांचा विरोध आहे. हंपीचा विठ्ठल दगडांच्या शांततेत एकटा. या दोघांतलं जपलेलं कोणतं आणि सोडून दिलेलं कोणतं?

त्याच देवळाच्या अंगणात तो जगप्रसिद्ध दगडी रथ आहे, जो पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर छापलाय. १८५६ मध्ये अलेक्झांडर ग्रीनलॉ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हंपीची छायाचित्रं काढली. त्यांत या रथाच्या डोक्यावर विटांचं शिखर स्पष्ट दिसतं. पुढे ते उतरवलं गेलं. म्हणजे जो रथ आपण 'जसाच्या तसा' म्हणून नोटेवर छापला तो विजयनगरच्या कारागिराने बनवलेला पुरता रथ नाहीच, एकोणिसाव्या शतकातल्या आवराआवरीतून उरलेला आहे. ज्याने शिखर उतरवायला लावलं त्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याला वाटलं असेल, विटा जीर्ण झाल्यात, दगड महत्त्वाचा. पण प्रत्येक साफसफाई एक साल निवडते, आणि निवडणारा ते बोलून दाखवत नाही. तो म्हणतो, मी फक्त नंतरची घाण काढली.

यावर एक सरळ आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. कायदा आहे ना? १९५८ चा स्मारक कायदा, त्यातली २०१० ची दुरुस्ती, केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित. एका ठिकाणी गरिबी पाहून सूट दिली की दुसऱ्या ठिकाणी पुढाऱ्याच्या मेव्हण्याचं रिसॉर्ट उभं राहतं, हे आपण सगळे जाणतो. बरोबर आहे. म्हणूनच मी सूट मागत नाही. कायदा बांधकामावर बोलतो, तर तो बांधकामावरच बोलू दे. मंडपात सिमेंट भरलं, ते काढा. मजला चढवला, उतरवा. बेकायदा हॉटेलाला कुलूप लावा. मात्र सिमेंट काढण्याच्या आदेशात माणसंही बसवून गाडी भरायची, ही हातचलाखी नको. शिवाय कायद्याच्या कडकपणाबद्दल बोलायचं तर हंपीला १९९९ मध्ये धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकायची वेळ आली ती मुख्यतः नदीवरच्या पुलांमुळे, आणि पूल काही केळीवाल्या अक्कांनी बांधले नव्हते. आनेगुंदीचा पूल अर्धवट पडून राहिला, हंपी २००६ मध्ये त्या यादीतून बाहेर आली, आणि २००९ मध्ये काम चालू असताना तो पूल नदीत कोसळून कामगारांचे जीव गेले. सर्वात मोठं अतिक्रमण सरकारी निविदेने झालं होतं.

राखणीचाही मुद्दा आहे. २०१९ मध्ये काही तरुणांनी हंपीतल्या एका आडबाजूच्या देवळाचा खांब ढकलून पाडला आणि चित्रफीत काढून फिरवली. पुढे त्यांना दंड झाला, खांब पुन्हा उभा करायलाही लावला. ते सगळे बाहेरून आलेले होते आणि जागा निर्मनुष्य होती. गुप्तधनाच्या आशेने मूर्तींखाली खणणारेही रात्री, एकांतात येतात. एवढ्या पसरलेल्या क्षेत्रात प्रत्येक खांबाला पहारेकरी देणं कुठल्याही खात्याला जमणार नाही. चहाच्या टपरीवरचा म्हातारा फुकटात ओरडतो. तो कुर्न्यासारखा चोरही निघू शकतो, हे वर मान्य केलंच आहे. पण कुर्न्याच्या लोकांना थडग्यांतून कायदेशीर मार्गाने किती मिळत होतं, हा प्रश्न जोडीला विचारायला हवा. ज्याचं पोट स्मारक उभं राहण्यावर आहे त्याला ते उभं हवं असतं.

क्रोएशियात स्प्लिट नावाचं शहर आहे. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इसवी सन ३०० च्या सुमारास बांधलेल्या राजवाड्याच्या आत ते वसलेलं आहे. सातव्या शतकात निर्वासित त्यात शिरले आणि राहिले. सम्राटाच्या थडग्याचं चर्च झालं, खांबांमध्ये भिंती उठल्या. अगदी हंपीच्या मंडपांत झालं तसंच! १९७९ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं ते या सगळ्या थरांसकट, आणि लोक आजही त्या भिंतींआड राहतात. हजार वर्षांपूर्वीचं अतिक्रमण वारसा ठरतं आणि पन्नास वर्षांपूर्वीचं गुन्हा ठरतो, तर सीमारेषा कुठे ओढायची, हे ठरवणं सोपं नाही हे मला कळतं. पण ती ओढली जातेच आहे. फक्त ती कुणी, कशाच्या आधारावर ओढली, हे कागदावर येत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आणि कारकुनी स्वरूपाची आहे. वारसास्थळावरून माणसाला उठवणाऱ्या प्रत्येक नोटिशीवर एक रकाना असावा: हे ठिकाण कोणत्या सालच्या स्थितीत आणायचं आहे? त्याखाली कारण. हंपीच्या नोटिशीवर काय लिहिलं असतं? १५२० लिहिलं तर बाजार भरवावा लागतो. १५६५ लिहायला लाज वाटली पाहिजे. १९८६, म्हणजे यादीत नाव गेलं ते साल लिहिलं, तर त्या वर्षीही मंडपांतल्या चुली पेटत होत्या. आणि आता पन्हाळ्याकडे वळू, कारण बारा किल्ल्यांत अख्खी नगरपरिषद त्याच्यावर आहे आणि यादीत नाव जायच्या आधीपासूनच तिथल्या लोकांच्या पोटात गोळा आलेला आहे. पन्हाळ्याच्या रकान्यात काय भरणार? शिलाहार भोजाचं बारावं शतक? महाराजांनी गड घेतला ते १६५९? मग आदिलशाही तीन दरवाजाचं काय करायचं? गडकऱ्यांच्या, म्हणजे गडावरच्या वंशपरंपरागत शिबंदीच्या बंडानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला ते १८४४? ताराराणींच्या वाड्यात शाळा भरते. घंटा झाली की पोरं त्या जुन्या चौकटीतून धडाधडा बाहेर पडतात. ती पोरं कोणत्या सालात बसवायची, तेवढं एकदा लिहून द्या.